कैदी, बंदी की कच्चा कैदी?

कोरमंगलाहून होसूर रस्त्याने निघालं की पुढे परप्पन अग्रहाराचा फाटा लागतो. बेंगळुरूचं मध्यवर्ती कारागृह तिथे आहे. २०२४ मध्ये खुनाच्या आरोपावरून एक कन्नड नट आत गेला आणि त्याला मिळालेला ६१०६ हा क्रमांक चाहत्यांनी गाड्यांवर मिरवला. एका तान्ह्या बाळाला तुरुंगाचे कपडे चढवून, त्यावर हा आकडा घालून फोटोही काढले गेले. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता. कागदावर तो 'विचारणाधीन कैदी' होता. लोकांनी पहिला शब्द गाळला आणि दुसरा उचलला.

महाराष्ट्रात अशा माणसाला तुरुंगाची दप्तरी भाषा 'न्यायाधीन बंदी' म्हणते, कोर्टाच्या आवारात 'कच्चा कैदी' चालतो. 'कैदी' टाकून 'बंदी' घ्या, तो सभ्य आहे, असा आग्रह धरला जातो. व्युत्पत्ती त्याच्या बाजूने नाही. 'कैद' अरबीतून फारसीमार्गे आली, मूळ अर्थ बेडी. 'बंदी'ही बांधण्याच्याच कुळातला. शिवाय 'कच्चा कैदी' कुणालाही कळतो, हा त्याचा मोठा गुण. पण कच्चा म्हटलं की तो पुढे पक्का होणारच, असं ऐकणारा धरून चालतो. मला हे घातक वाटतं, कारण २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जणांवर दोष सिद्ध झालेलाच नव्हता.

शब्द बदलून जामीन मिळत नाही, हा आक्षेप खरा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ नीट राबवलं तर पहिल्यांदाच अडकलेले कितीतरी लोक लवकर सुटतील. ते काम शब्दकोशाचं नाही, न्यायालयांचं आणि तुरुंग अधीक्षकांचं. तरीही अचूक शब्द निरर्थक नसतो. संसदीय समितीच्या कामासाठी बेंगळुरूला आलेले समाजवादी नेते मधू दंडवते यांना आणीबाणीत, २६ जून १९७५ ला अटक झाली. आज फ्रीडम पार्क आहे तिथल्या जुन्या तुरुंगात ते होते, पुढे त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. मराठीने त्यांना 'स्थानबद्ध' म्हटलं, मिसा कायद्यावरून 'मिसाबंदी' म्हटलं. आरोप नाही, खटला नाही, फक्त सरकारचा हुकूम, हे त्या शब्दांतूनच कळत होतं.

म्हणून 'कैदी' की 'बंदी' हा वाद मी दुय्यम मानतो. विशेषण महत्त्वाचं. संपादकांनी मथळ्यात जागा कमी पडते म्हणून 'न्यायाधीन' गाळू नये. अगदीच जागा नसेल तर सरळ 'आरोपी' लिहावं.