कोपीतली बॅटरी आणि उचलीतला सोलर

कोरडवाहू ज्वारी-कपाशीत भागत नाही, म्हणून आपलीच माणसे कोयता घेऊन मुळशीतल्या कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्यासारख्या ठिकाणी जातात. अशा तळांवर कोपीतला दिवा बरेचदा ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर. ती बसली की उचलीतून सोलर घ्यायची घाई.

आम्ही म्हणतो, आधी बॅटरी तपासा. पूर्ण चार्ज करून चार-पाच तास काही न जोडता ठेवा. 12.6 व्होल्ट असले तर ठीक. 12 च्या खाली उतरले तर सेल गेला समजा. मेलेल्या सेलला सोलर उठवत नाही. पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचे क्षार प्लेटा खातात. ट्रॅक्टरची बॅटरी क्षणभर स्टार्टर फिरवायला असते, रोज रात्री रिकामी केली तर मरणारच. उजेडाला ट्यूब्युलर हवी. 9 वॅटचा दिवा पाच तास नि दोन मोबाइल, एवढ्याला 40 वॅटचे पॅनेल पुरते. मध्ये चार्ज कंट्रोलर मात्र हवाच.

पण हा खर्च तोडणीवाल्याने का सोसायचा? राज्यातले अनेक कारखाने बगॅसवर वीज करून विकतात. तळावर दिवा आणि चार्जिंगची सोय करारातच लिहून द्या, ही मागणी या बैठकीच्या ठरावात आली पाहिजे.