गाठीचा रिपोर्ट कुणाच्या हातात?

बाईचं आरोग्य म्हटलं की आपल्या शिबिरांतही बोलणं गर्भाशय आणि स्तनांपाशी थांबतं. आतड्याचं नाव कुणी काढत नाही. शौचावाटे रक्त जातं हे बाई लाजेनं लपवते; सांगितलंच तर 'मूळव्याध असेल' म्हणून महिने निघून जातात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रोग किती पसरला आहे यावर जगण्याची शक्यता सर्वांत जास्त अवलंबून असते. म्हणून हे महिने जिवावर बेततात.

त्याखेरीज आता गाठीतल्या आणि रक्तातल्या खुणाही तपासतात. सीईए हे प्रथिन १९६५ मध्ये मॉन्ट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी शोधलं. शस्त्रक्रियेनंतर ते रक्तात पुन्हा वाढू लागलं, तर रोग उलटल्याची शंका घेतात. पसरलेल्या रोगात बीआरएएफ जनुकातला ठरावीक बदल सापडला तर पुढची वाट अवघड असते. केआरएएस जनुकात बदल असेल तर सेटुक्सिमॅब हे महागडं औषध उपयोगी पडत नाही. ही माहिती मोलाची आहे. प्रश्न असा, की ती कुणाला मिळते?

मी बायकांसोबत रुग्णालयांत जाते. डॉक्टर बोलतात ते मुलाशी, नवऱ्याशी, दिराशी. 'किती वर्षं' हे घरच्यांना कळतं, बाईला नाही. खूण वाईट निघाली की 'आता कशाला खर्च?' हा हिशोब तिच्या पाठीमागे मांडला जातो. या खुणा शेकडो रुग्णांच्या अनुभवावरून शक्यता सांगतात. एका बाईचा दिवस ठरवत नाहीत. शक्यता ऐकून काय करायचं, हे ठरवण्याचा हक्क तिचाच आहे.

एका खुणेचा संबंध तर तिच्या लेकींशीही येतो. पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं गाठीत आहेत का, हे पाहता येतं. ती नसतील तर दुसऱ्या टप्प्यातल्या रोगात पुढची आशा जास्त असते, आणि पसरलेल्या रोगात इम्युनोथेरपी उपयोगी पडू शकते. पण काही घरांत हा दोष आनुवंशिक असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. आणि मुलींना आतड्याइतकाच गर्भाशयाच्या कर्करोगाचाही धोका.

ही गोष्ट पहिल्यांदा एका बाईनंच सांगितली होती. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शिवणकाम करणारी एक बाई डॉ. वॉर्थिन यांना म्हणाली, की आमच्या घरची माणसं कर्करोगानं जातात, मीही तशीच जाणार. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं आणि १९१३ मध्ये तिच्या घराण्याची नोंद प्रसिद्ध केली. ती बाई गर्भाशयाच्या कर्करोगानंच गेली.

आपल्याकडे मात्र 'लेकीचं लग्न मोडेल' म्हणून असा रिपोर्ट दडवला जातो, किंवा सगळा दोष 'आईच्या घराण्यावर' येतो. धोका वेळेवर कळला तर दुर्बिणीनं आतड्याची नियमित तपासणी करून लेक वाचू शकते. अब्रू वाचवायची की लेक?

मैत्रिणींनो, आपण एवढं तरी करूया. शिबिरात आतड्याबद्दल बोलूया. गाठ काढलेल्या बाईसाठी त्या चार प्रथिनांची तपासणी झाली का, हे विचारूया. रिपोर्टची प्रत मागूया. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आणि तो कागद तिच्याच हातात देऊन, तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवूया.