विसाव्यांची वाट

दोन चाकांवरून । पांथस्थ

पौषातली सकाळ होती. बार्शी रस्त्यानं नान्नजकडे निघालो तेव्हा झुंजूमुंजू होत होतं आणि ब्रेकवरची बोटं गारठून लाकडासारखी झाली होती. सोलापूर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना ज्वारी सुरू झाली. कणसं भरलेली, पानांवर दव. वीसेक किलोमीटर पायडल मारून झाल्यावर ओळखीच्या एका काकांच्या रानात सायकल बांधाला टेकवली. आगटी पेटलेलीच होती. काकांनी कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खोचली, थोड्या वेळानं राखेसकट बाहेर ओढली आणि हाताला चटके बसत असताना चोळून दाणे पाडले. सुपात दोनदा पाखडले आणि समोर केले. हिरवे, दुधाळ, वाफाळणारे दाणे. सोबत शेंगाचटणी, गुळाचा खडा आणि वाटीभर दही. ‘खावा की, लाजताय काय,’ काकू म्हणाल्या. परतीचे वीस किलोमीटर कधी संपले ते कळलंही नाही.

सायकल चालवणाऱ्याला एक गोष्ट अनुभवानं कळते. वाट पायांनी कापली जाते, पण माणूस घरातून निघतो तो पुढच्या विसाव्याच्या ओढीनं. हा हुरडा नसता, तर त्या थंडीत मी अंथरुणातून उठलो नसतो.

माझा भाचा अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. गेल्या आठवड्यात फोनवर तो त्याच्या रविवारबद्दल सांगत होता. मित्रांबरोबर सायकलवर निघायचं, शहरातल्या एका छोट्या बिअर कारखान्यात थांबायचं, तिथंच तयार झालेल्या बिअरचा एक ग्लास घ्यायचा, गप्पा मारायच्या, पुन्हा सायकलवर बसून पुढच्या कारखान्याकडे. या सगळ्यात मोटारींच्या रस्त्यावर फारसं यावंच लागत नाही. ‘मामा, आपल्या सोलापुरात असं काही का होत नाही?’ त्यानं विचारलं. प्रश्न साधा होता, उत्तर द्यायला मला आठवडा लागला.

आधी त्याची वाट समजून घेऊ. मिनियापोलिसला ‘मिडटाउन ग्रीनवे’ नावाचा सायकलमार्ग आहे. साडेपाच मैलांचा, म्हणजे नऊ किलोमीटरच्या आसपास. ती मूळची रेल्वेची जागा. शहराच्या मधोमध रस्त्यांच्या पातळीखाली खोल चर खणून त्यातून रूळ नेलेले होते. रेल्वेला त्या जागेची गरज उरली नाही, तेव्हा ती बांधकामाखाली गेली नाही. 2000 सालापासून टप्प्याटप्प्यानं तिथं सायकली धावू लागल्या. वरून मोटारींचे पूल जातात, खालून सायकली. 2011 मध्ये त्या राज्यानं कायदा बदलला आणि बिअर बनवणाऱ्यांना आपल्याच जागेत ग्लासानं बिअर विकायची मुभा दिली. त्यानंतर असे छोटे कारखाने शहरात झपाट्यानं वाढले. वाट तयार होतीच, थांबे मिळाले.

हे कारखाने असतात तरी कसे? बार्ली भिजवून मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्यांची गोडी उतरवायची, हॉप्सची फुलं घालून उकळायचं आणि गार झाल्यावर यीस्ट घालून आंबू द्यायचं. मोठ्या कंपन्या हेच प्रचंड प्रमाणावर करतात. छोटा कारखानदार चार-सहा टाक्यांत करतो आणि त्याच छपराखाली विकतो. आपल्या राज्यात ही रीत पुण्यानं आणली. 2009 मध्ये तिथं ‘डूलाली’ सुरू झालं. नाव परकं वाटतं, पण ते आपल्या देवळालीचंच आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत नाशिकजवळच्या त्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले गोरे सोजीर वेडेपिसे व्हायचे, त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला.

आमचा जिल्हाही या जगाला अगदी अनोळखी नाही. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली या कंपनीच्या द्राक्षबागा आणि वायनरी आहे. इटलीतले दोन भाऊ, दिल्लीतले भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून ती उभी केली. इटालियनमध्ये ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊच. ज्या नान्नजला मी हुरडा खाल्ला, तिथल्या नानासाहेब काळे यांनी द्राक्षाचं सोनाका हे वाण दिलं. सोलापूर, नान्नज, काळे या तिन्हींची पहिली अक्षरं जोडून ते नाव झालं. आणि ज्वारीचं म्हणाल, तर आमची मालदांडी 35-1 ही मोहोळच्या संशोधन केंद्राची निवड आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. याच ज्वारीच्या जातकुळीतून जगात काय काय बनतं! 1988 मध्ये नायजेरियानं बार्लीचा माल्ट बाहेरून आणायला बंदी केली आणि तिथल्या मोठमोठ्या बिअर कंपन्या ज्वारीकडे वळल्या. युगांडात 2002 पासून एपुरिपुर नावाच्या ज्वारीची बिअर विकली जाते, तिथल्या शेतकऱ्याला त्यातून हमखास गिऱ्हाईक मिळालं. चीनची प्रसिद्ध माओताई ज्वारीचीच.

तेव्हा जमीन आहे, पीक आहे, हौसही आहे. तरी मी भाच्याला ‘इथंही बिअरचे थांबे होऊ देत’ असं म्हणालो नाही, आणि त्याला कारण आहे.

सोलापूरचं स्वातंत्र्ययुद्ध शिंदीच्या झाडाखाली पेटलं. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्यांचं हे गाव रस्त्यावर उतरलं. 8 मे रोजी लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. सरकार दारूवर कर गोळा करतं आणि त्या दारूनं कामगाराचं घर बसतं, हा राग त्या कुऱ्हाडींत होता. अटका झाल्या, गोळीबार झाला, माणसं पडली. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजी सत्ता उरली नव्हती. 12 मेला मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी झाली. चार पुतळ्यांपाशी सिग्नलला सायकल थांबते, तेव्हा मला ती झाडं आठवतात.

हा इतिहास नुसता फोटोला हार घालण्यापुरता नाही. आजही यंत्रमागाच्या वस्त्यांत पगाराच्या संध्याकाळी बायका दाराकडे डोळे लावून बसलेल्या दिसतात. कुणी आपल्या घरी, आपल्या पैशानं, मर्यादेत एक ग्लास घेतला, तर त्याच्याशी माझं भांडण नाही. पण या शहरानं आपल्या सायकलमार्गाची आखणी दारूच्या थांब्यांवरून करावी, हे मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट हँडलची. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर वाहन चालवणं गुन्हा आहे. हे कलम मोटारीला लागू, सायकलला नाही. म्हणून पुष्कळांना वाटतं, पिऊन सायकल चालवली तर काय बिघडलं? बाकीच्या जगाला तसं वाटत नाही. नेदरलँड्समध्ये सायकलस्वाराला मर्यादा मोटारवाल्याइतकीच. जर्मनीत ती सैल आहे, पण ओलांडली की सायकलवाल्यावरही फौजदारी होते. जपाननं नोव्हेंबर 2024 पासून सायकलवाल्यांसाठीचे नियम कडक केले. तोल हीच ज्या वाहनाची सारी ताकद, त्यावर तोल गेलेल्या माणसानं बसू नये. आमच्या रस्त्यावर तर ट्रकच्या चाकात आणि सायकलच्या हँडलमध्ये हातभराचं अंतर असतं. भाच्याला मी एवढंच सांगितलं, ‘बाळा, दुसऱ्या ग्लासानंतर सायकल हातात धर आणि चालत घरी जा.’

पण त्याच्या गोष्टीतली खरी शिकवण बिअरची नव्हतीच. माणसं जिथं थांबतात, ते थांबे एका अखंड, सुरक्षित वाटेनं जोडले गेले, ही ती शिकवण. आणि ती आम्हाला नवी नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली असं आपण मानतो. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज त्या अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं निघतात. अवजड काठी पेलत माणसं चालतात, थांबतात, तैलाभिषेक होतो, पुन्हा चालतात. आषाढीला पंढरपूरची वाट याच जिल्ह्यातून जाते, तीही मुक्काम आणि विसावे यांनीच बांधलेली. वारकऱ्याला विचारा, तो मैल सांगणार नाही, विसावा सांगेल. थांब्यावरून वाट ठरवणं आपल्या अंगात मुरलेलं आहे. सायकलमार्ग आखतानाच आपण ते विसरतो. रस्ता रुंद असेल तिथं कडेला रंग ओढतो. मग तो पट्टा कुठूनही सुरू होतो आणि विजेच्या पेटीपाशी नाहीतर चारचाकींच्या रांगेपाशी संपतो. असा पट्टा एका मोठ्या शहरात मी चालवून पाहिला आहे. चार किलोमीटरमध्ये अकरा वेळा खाली उतरावं लागलं. शेवटी मी सरळ रस्त्यावर आलो, तिथं निदान कोण कुठून येईल ते दिसत होतं.

मग सोलापुरातल्या माणसांचे थांबे कुठले? माझे वडील गिरणीत होते. पहाटेचा भोंगा झाला की गल्लीतून सायकली निघायच्या. कॅरियरला डबा, हँडलला पिशवी, चाकाला घासणारा डायनॅमो. पाळी सुटली की गिरणीच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, रस्ता त्यांचाच असायचा. घर, गिरणी, कोपऱ्यावरचं चहाचं हॉटेल, बाजार, हे त्यांचे थांबे, आणि ते सगळे पायडलच्या टप्प्यात होते. गिरण्या बंद पडल्या. कामगारांची मुलं मोटारसायकलवर बसली. ज्यांना ती परवडली नाही, ती सहा आसनी रिक्षात कोंबली गेली.

आज शहरातल्या कामगारांचं नवं गाव कुंभारीला वसलं आहे. अक्कलकोट रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. आधी गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत झाली. त्यानंतर रे नगर आलं. तीस हजार घरांची ती योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. विड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं. मोठं काम झालं. पण घर तिथं गेलं आणि कामाचा मोठा हिस्सा राहिला अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत, अशोक चौकात, कन्ना चौकात. रोज जायचं, रोज यायचं. ज्या घरात महिन्याचा हिशेब रुपया-रुपयानं लागतो, तिथं रोजचं रिक्षाभाडं म्हणजे पोरांच्या ताटातलं दूध.

नकाशा समोर ठेवा. कुंभारीपासून अशोक चौकापर्यंतची वाट जवळपास मिनियापोलिसच्या त्या मार्गाइतकीच भरेल. सपाट रस्ता, चढ नावालाच. सावकाश पायडल मारलं तरी तासाच्या आत. वाटेत थांबे आपोआप आहेत: वसाहतीचं फाटक, यंत्रमागांची एमआयडीसी, चहाच्या टपऱ्या, शाळा, पंक्चरवाले. आमच्या अक्कलकोट रस्त्याची रुंदी वाढली आहे. त्या रुंदीतला एक हिस्सा सायकलीसाठी राखायचा, पण रंगानं नाही, उंच कडेनं. ट्रकचं चाक चढू शकणार नाही इतकी उंच कड. दोघींना शेजारी शेजारी बोलत जाता येईल इतकी रुंदी. आणि सावली. सावलीशिवाय सोलापुरात कुठलाच मार्ग चालणार नाही, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे असतो. आज कडुनिंब लावला तर तो मोठा होईपर्यंत पाच-सात वर्षं जातील, म्हणून खड्डे आधी घ्या, डांबर नंतर ओता. रात्रपाळीच्या माणसासाठी दिवे लागतीलच. विडीचं सूप आणि पानांचं गाठोडं घेऊन जाणाऱ्या बाईला चालवता येईल अशी मधली दांडी नसलेली सायकलही लागेल. हे सगळं एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे काहीच नाही.

हा मार्ग आधी व्हावा. सिद्धेश्वर तलावाचा काठ, किल्ल्याची बाग, संभाजी तलाव यांना जोडणारा फिरायचा मार्गही मला हवा आहे, रविवारी नातवंडांना घेऊन मी तिथं पहिला जाईन. हुरड्याच्या दिवसांत नान्नजपर्यंत जाणारी सुरक्षित कड मिळाली तर आनंदच आहे, रानातल्या काकांना चार गिऱ्हाइकं मिळतील आणि ज्वारीला दारू न करताही भाव येईल. पण मौजेची वाट मागून आली तरी चालेल. भाकरीची वाट आधी.

वाचकांकडे एक मागणं आहे. या रविवारी सकाळी कुंभारीहून अशोक चौकापर्यंत सायकलनं या. एकटे येऊ नका, दोघं-तिघं या. जिथं भीती वाटली, जिथं उतरावं लागलं, जिथं सावली होती आणि जिथं थांबून चहा घ्यावासा वाटला, त्या चार प्रकारच्या जागा कागदावर लिहा आणि या स्तंभाकडे पाठवा. सगळे कागद एकत्र करून त्यांचा एक नकाशा करू आणि तो घेऊन महापालिकेच्या पायऱ्या चढू. मी सहा वाजता रे नगरच्या फाटकापाशी उभा असेन. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल.