पाकिटातला चिवडा आणि घरातली ज्वारी



उंद्रीच्या थांब्यावरच्या कोणत्याही टपरीसमोर पाच मिनिटे उभे राहावे. टपरीचे कपाळ रंगीत पाकिटांच्या माळांनी झाकलेले दिसते. शाळेत जाणारे पोर पाच रुपयांचे पाकीट दाताने फोडते, निम्मी हवा बाहेर जाते आणि उरलेले चार घासांत संपते. त्या पोराच्या घरी कोठीत ज्वारीची थैली उभी असते, गाडग्यात तीळ असतात, कुठे मूठभर जवसही असते. शेंगदाणे तर असतातच. पाकिटात जे आहे त्यापेक्षा चांगले सगळे घरात आहे, पण ते पाकिटात नाही एवढाच त्याचा दोष.

आम्ही मध्यंतरी शहरात एका नातेवाइकाकडे उतरलो होतो. सकाळी वाटीत दही आले आणि त्यावर काचेच्या बरणीतले काहीतरी भुरभुरले गेले. कुरकुरीत, खारट, तिखटसर. हे काय म्हणून विचारले तर म्हणाले, ‘‘ग्रॅनोला. गोड नाही, तिखटमिठाचा.’’ बरणी फिरवून पाहिली. ओट, तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया, मीठ, मिरची. भाव वाचला आणि चमचा खाली ठेवला. जे जवस आमच्याकडे परवडत नाही म्हणून पेरायचे बंद झाले, ते तिथे मोजून मोजून खाल्ले जात होते.

या ग्रॅनोलाची कुळकथा मोठी गमतीची आहे. १८६३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी जॅक्सन नावाचा डॉक्टर आरोग्यधाम चालवत होता. त्याने कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या भाजल्या, फोडल्या, पुन्हा भाजल्या आणि त्याला नाव दिले ग्रॅन्युला. ते इतके टणक होते की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दाताला लागत नसे. पुढे मिशिगनमधल्या डॉक्टर केलॉगने तसाच पदार्थ त्याच नावाने काढला, जॅक्सनने हरकत घेतली, तेव्हा एक अक्षर बदलून ग्रॅनोला झाले. या केलॉगच्या धाकट्या भावाने १९०६ साली काढलेली कंपनी १९९४ साली भारतात आली आणि रायगड जिल्ह्यात तळोज्याला तिने कारखाना घातला. म्हणजे धान्य भाजणे, फोडणे आणि सकाळी खाणे ही तिकडे एका डॉक्टरची युक्ती ठरली, त्यावर मोठे धंदे उभे राहिले. आमच्या आज्या नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडत होत्या, त्याला कोणी शोध म्हटले नाही.

आता मुद्द्याचे. १९९१ साली शेगावला, आपल्याच जिल्ह्यात, शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. माजघर शेतीचा अर्थ साधा होता: माल शेतातून निघाला तसाच बाजारात ओतू नका, घरात त्यावर काही करता येत असेल तर करा. भाषणाला टाळ्या पडल्या. त्यानंतर आपण सोयाबीन पेरले, ते पोत्यात भरले आणि पोते तसेच बाजारात नेले. कापूस तर वेचला की गाडीत. माजघरात उरली होती ज्वारी, तीही शिवारातून निघाली.

ती का निघाली हे आम्हाला कोणी शिकवू नये. पावसाळी ज्वारी दाण्यात आली की परतीचा पाऊस येतो आणि दाणा काळा पडतो. काळ्या दाण्याला व्यापारी तोंड वाकडे करतो. ज्ञानगंगेच्या बाजूची रोही आणि रानडुकरे उभे पीक लोळवतात. सगळ्या शिवारात एकट्याने ज्वारी पेरली तर साऱ्या गावाची पाखरे त्याच्याच शेतात उतरतात. बैल कमी झाले, कडब्याची गरज घटली. त्यात रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो ठरले; रेशन दुकानात आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळच. जानेवारी २०२३ पासून तर ते धान्य फुकट झाले. फुकटच्या गव्हापुढे घरची ज्वारी महाग पडते, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला कळतो.

सरकारने या काळात काय केले? नाव बदलले. भरडधान्य होते, २०१८ साली ते पौष्टिक तृणधान्य झाले, २०२३ च्या अर्थसंकल्पात श्रीअन्न झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे केले. बारसे तीनदा झाले, पण पाळण्यातले पोर तेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाली, म्हणजे किलोला ३७ रुपयेसुद्धा नाहीत. आता टपरीवरच्या पाकिटामागे वजन किती लिहिले आहे ते वाचा आणि पाच रुपयांवरून किलोचा भाव काढा. पोराला गणित शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. पाकिटावरचे तेलही बघा. देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, आणि आमच्या तेलबियांना भाव नाही म्हणून आम्ही त्या पेरत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की विकायचे पुढे पाहू, आधी खायला सुरुवात करू.

करायची रीत अवघड नाही, पण एक गोष्ट चुकली की सगळे चुकते, आणि ती म्हणजे ओल. लाही फुटते ती दाण्यातल्या पाण्याच्या वाफेने. दाणा कडक असला आणि आत बेताची ओल असली की वाफ कोंडते आणि फट्‌दिशी फुटते. कोरडा दाणा नुसताच करपतो, जास्त ओला दाणा फुगून बसतो. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही ज्वारी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली आणि सकाळी लाह्यांऐवजी घुगऱ्या झाल्या. म्हातारीने तोंडाला पदर लावला. तिची रीत अशी: निवडलेल्या ज्वारीवर मिठाचे गरम पाणी फक्त शिंपडायचे, हाताने चोळायचे, फडक्यात बांधून रात्रभर ठेवायचे, सकाळी सावलीत पसरून वरची ओल जाऊ द्यायची. लोखंडी कढई चांगली तापली की एका वेळी एकच मूठ टाकायची, फडक्याच्या बोळ्याने हलवायचे आणि फुटायला लागली की झाकण. लोभाने दोन मुठी टाकल्या तर निम्मे दाणे तसेच राहतात. न फुटलेले दाणे चाळून काढावेत, नाहीतर दात जातो.

पाव किलो लाह्यांना दोन पळ्या तेल पुरते. तेलात शेंगदाणे आधी तळून घ्यावेत, मग फुटाण्याची डाळ, गोडलिंब, जिरे, तीळ, हळद, शेवटी तिखट-मीठ. जवस वेगळे कोरडे भाजून मग मिसळावे. कच्चे टाकले तर चिकट लागते. कांदा आणि सांभार डब्यात भरताना घालू नये, खाताना घालावे. लाह्या ओल लगेच धरतात, तेव्हा पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. पाऊसकाळात चार दिवसांनी कढईत पुन्हा कोमट करून घ्यावे. हा चिवडा दह्यावर घ्या, वरणावर भुरभुरा, शाळेच्या डब्यात द्या, निंदणाच्या न्याहारीला न्या. उरलेल्या लाह्यांचे पीठ करून ताकात मीठ घालून प्या. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात आणि तेवढाच चोथा. मीठ मात्र बेताचे टाका, रक्तदाबवाल्यांनी तर विचारूनच.

एका बैठकीत हे सगळे आम्ही उत्साहाने सांगत होतो. मागून एक बाई उठली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, कापूस बी आम्हीच येचाचा, चुलीपाशी बी आम्हीच बसाचं, आन् आता लाह्या बी आम्हीच फोडाच्या. तुमी काय करसान?’’ सभा हसली, आम्ही हसलो नाही. माजघर शेतीतले माजघर बाईचे असते आणि शेती बाप्याच्या नावावर असते, ही आपली जुनी खोड आहे. कढईपुढे बसायला पुरुषाला कोणी मनाई केलेली नाही. आणि बचत गटाने चिवडा विकायला काढला, तर बाईच्या दिवसाची मजुरी निंदणाच्या दराने धरून मगच भाव लावावा. फुकटच्या मजुरीवर स्वस्त विकलेला चिवडा म्हणजे तोट्यातल्या कापसाचाच धाकटा भाऊ.

दुसरी गोष्ट सरकारी पाहुण्यांना सांगायची. ते गावात येतात आणि म्हणतात, भाव मागू नका, प्रक्रिया करा. चिवडा विकून कापसाचे कर्ज फिटत नाही. एका घराच्या कढईत किती क्विंटल ज्वारी फुटणार? भावाची मागणी आहे तिथे आहे. प्रक्रियेचा उपदेश करणाऱ्याने आधी खरेदी केंद्र वेळेवर उघडून दाखवावे.

ज्यांच्याकडे रब्बीला ओलिताची थोडी सोय आहे त्यांनी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले पंचमी हे वाण पाहावे. ते लाह्यांसाठीच काढलेले आहे. हुरड्यासाठी फुले उत्तरा आहे आणि पापडासाठी फुले रोहिणी. एका जातीच्या दाण्याची भाकर चांगली होते म्हणून लाही चांगली होईलच असे नाही. गावात एखाद्या म्हातारीकडे जुने गावरान बियाणे गाडग्यात असेल, तर तेही मूठभर फोडून बघावे.

पाखरांचे मात्र एकट्याने जमत नाही. उंद्रीच्या शिवारात पाच-सहा जणांनी लागून अर्धा-अर्धा एकर पेरली तर राखण आळीपाळीने होईल आणि पाखरांचे नुकसानही वाटून जाईल. कोण तयार आहे त्यांनी पुढच्या बैठकीत नावे द्यावीत, आणि येताना घरून मूठभर ज्वारी आणावी. कोणाची किती फुटते ते तिथेच कढई मांडून बघू. पहिली पाळी कढईवर बाप्यांची राहील.