संगणक द्यावेत, पण आधी गावाला विचारावे



शाळेच्या ग्रामसेवा निधीतून देवास जिल्ह्यातील एका गावाला दहा संगणक भेट द्यावेत, अशी सूचना मागच्या सभेत आली. हेतू उत्तम आहे. पण माझे मत थोडे वेगळे आहे. विश्वस्तांनी रागावू नये.

इंदूरशेजारच्या धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' योजना सुरू झाली. गावांत सूचनालये उघडली. तेथे बसलेला गावचाच तरुण थोडी फी घेऊन मंडीचे भाव सांगे, दाखल्यांचे अर्ज संगणकावरून पाठवी. शेतकऱ्याचा तहसीलचा खेटा वाचे. त्याच वर्षी योजनेला स्टॉकहोमचा पुरस्कारही मिळाला. पण वीज जाई, टेलिफोनची लाइन तुटे, आणि अर्ज क्षणात पोहोचला तरी कचेरीचे काम जुन्याच चालीने होई. गिऱ्हाईक घटले. यंत्रात खोट नव्हती, पण ते चालते ठेवणे गावाच्या हाती नव्हते.

आता देवास पाहा. १९९० साली या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आजच्या मुलांना खरे वाटणार नाही. खेड्यांत ट्यूबवेल खोल खोल जात होत्या. हजार फूट खणूनही कोरडी निघालेली ट्यूबवेल म्हणजे डोक्यावर कर्ज. ट्यूबवेल हेही तंत्रज्ञानच होते, हे विसरू नये!

२००६ मध्ये तेथील कलेक्टर उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांपुढे साधा हिशेब मांडला. आपल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तलावासाठी सोडा, पावसाचे पाणी त्यात धरा, उरलेल्या जमिनीत रब्बीचे पीक निश्चित येईल. खोलातून पाणी उपसायला जी वीज लागते तिच्यापुढे तलावावरच्या मोटरीची वीज काहीच नाही. आधी मोठ्या शेतकऱ्यांना गाठले, कारण ऐपत त्यांची होती आणि सर्वांत जास्त उपसाही त्यांचाच होता. सुरुवातीच्या तलावांना अनुदान नव्हते. शेतकऱ्याने स्वतःचे पैसे घालून, स्वतःच्या शेतात मशीन लावून खोदाई केली. या तलावांना 'रेवासागर' नाव पडले. टोंकखुर्द तहसीलमध्ये शेजाऱ्याचे पाहून शेजारी खोदू लागला. पुढे जिल्ह्यात असे हजारो तलाव झाले. दहावा हिस्सा सोडायला छोट्या शेतकऱ्याला जड जाते, ही अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवू नये.

स्वतःची जमीन दिलेला माणूस पाळ फुटली तर रात्रीही फावडे घेऊन धावतो. आपल्या दहा संगणकांसाठी असे कोण धावेल? उन्हाळ्यात तेथे वीज किती तास असते, हेसुद्धा आपण विचारलेले नाही. कदाचित त्या गावाला संगणकच हवे असतील, कदाचित शाळेच्या छतावरचे पाणी धरायला टाकी हवी असेल.

म्हणून माझी सूचना अशी: निधी तूर्त बँकेतच राहू द्यावा. दिवाळीच्या सुटीनंतर नववीच्या मुलामुलींनी दोन शिक्षकांसह त्या गावी दोन दिवस राहावे, विहिरींचे पाणी मोजावे, घरोघरी बोलावे, विशेषतः पाणी भरणाऱ्या बायकांशी. गाव स्वतःचा काय वाटा घालील, पैशाचा वा श्रमाचा, हेही विचारून यावे. मुलांनी लिहिलेला अहवाल विश्वस्तांपुढे ठेवू आणि मगच खरेदीचे ठरवू. ज्या पालकांची हरकत नसेल त्यांनी संमतिपत्र वर्गशिक्षकांकडे द्यावे.