गेरूचे 'टेराकोटा' होताना

बैठकीच्या खोलीतील एका भिंतीला 'टेराकोटा' रंग देण्याची टूम शहरी मराठी मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. उरलेल्या तीन भिंती मोतिया, कोपऱ्यात पितळी समई आणि वर चौकटीत बसवलेले वारली चित्र. रंग देखणा आहे, याविषयी वाद नाही. आमचा वाद आहे तो या रंगाच्या निमित्ताने बोलल्या जाणाऱ्या 'मातीशी नाते' या भाषेशी.

प्रथम नावाविषयी. 'टेराकोटा' हा इटालियन शब्द. अर्थ, भाजलेली माती. या छटेच्या आसपास मराठीत गेरू आहे, काव आहे, विटकरी आहे. तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू. रांगोळीखाली सारवतात तोही गेरूच. कोकण-गोव्यातील जुन्या देवळांत चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन, तो खरवडून पांढऱ्या आकृती काढत. ती कावी कला. परकीय शब्दांचे आम्हांला वावडे नाही. 'गिलावा' फारसीतूनच आला. पण तो गवंड्याच्या थापीबरोबर आला आणि कामात राहून आपला झाला. 'टेराकोटा' रंगपत्रिकेतून आला आणि येताना कामाचे शब्द बाजूला सारून बसला.

दुसरा मुद्दा द्रव्याचा. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि गेरू लावलेली मातीची भिंत ओल शोषते, सोडते. अ‍ॅक्रिलिक इमल्शनचा मात्र भिंतीवर पापुद्रा बसतो. मातीच्या भिंतीला तो फासला की ओल आत कोंडते आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणजे ज्या रंगाला मातीचे नाव दिले, तो मातीच्या भिंतीलाच सोसत नाही!

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. कुडाची भिंत शेणामातीने लिंपून, तीवर गेरू देऊन, तांदळाच्या पिठाने चित्र काढणाऱ्या वारली कुटुंबाच्या घराला सरकारदप्तरी 'कच्चे घर' म्हणतात. असे घर जाऊन पक्के यावे, यासाठी 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण राबवली गेली. पक्के घर मागणाऱ्याचे काहीही चुकत नाही. दर पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा लिंपण्याचे कष्ट त्याला ठाऊक आहेत. मात्र एकाच रंगाची भिंत तिकडे मागासलेपण ठरावी आणि इकडे अभिरुची, हा न्याय कोणता?

हा प्रश्न साहित्याच्या वर्गातही विचारायला हवा. ग्रामीण वा आदिवासी लेखनाविषयी 'मातीचा गंध' असे लिहून मोकळे होणारी आपली समीक्षा हेच भिंत रंगवण्याचे काम करीत असते. कोणती माती, कोणाच्या मालकीची, तीत कोण राबते, आणि त्या राबण्यातून वाक्याची घडण कशी झाली, हे विचारण्याचे श्रम त्या दोन शब्दांत वाचतात. ज्या विद्यार्थ्याची आई अजूनही जमीन सारवते, त्याला हा गौरव आपल्या घराचा वाटत नाही, आणि तो गप्प बसतो.

भिंत हवी तर खुशाल रंगवा. तिला गेरवी म्हणा. मात्र मातीशी नाते सांगायचे असेल, तर मातीच्या घरात राहणाऱ्याला आधी बोलू द्या. उत्तरपत्रिकेत 'मातीचा गंध' दिसला, तर समासात 'कोणती माती?' एवढे लिहायला आपण प्राध्यापकांनी या सत्रापासूनच सुरुवात करावी.