पिन बसली म्हणजे प्रश्न सुटला नाही : ‘युनिव्हर्सल’ अ‍ॅडॉप्टरविषयी एक आक्षेप

भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी टाइप-सी जोडणीचे मानक प्रसिद्ध केले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनना हीच जोडणी बंधनकारक झाली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. या निर्णयांचे स्वागत झाले ते योग्यच झाले. पण त्याबरोबर एक सोयीस्कर समजूतही पसरली. परदेशी जाताना वीज, व्होल्टेज, प्लग यांचा विचार करण्याचे दिवस आता संपले. विमानतळावरच्या दुकानातून एक ‘युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर’ उचलावा आणि निघावे, अशी ती समजूत. माझा आक्षेप या समजुतीला आहे. दरवर्षी उच्चशिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या सामानात ती बिनबोभाट जाते, म्हणून तो सविस्तर मांडतो.

भिंतीतल्या सॉकेटला उपकरण जोडताना तीन स्वतंत्र प्रश्न असतात. पिनांचा आकार जुळतो का? विद्युतदाब आणि वारंवारता उपकरणाला चालते का? आणि काही बिघडलेच तर माणसाला व वायरला वाचवणारी व्यवस्था जोडणीत शिल्लक आहे का? अ‍ॅडॉप्टर यांपैकी केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. तरीही त्याच्या वेष्टनावर शब्द असतो ‘युनिव्हर्सल’, म्हणजे सार्वत्रिक. तीनपैकी एका प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या वस्तूला हे विशेषण लावणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकारांचा हा गोंधळ आला कुठून? आपला गोल तीन पिनांचा प्लग १९३४ च्या बीएस ५४६ या ब्रिटिश मानकाचा वंशज आहे. खुद्द ब्रिटनने युद्धोत्तर पुनर्बांधणीत १९४७ साली बीएस १३६३ हा चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग स्वीकारला. आपण जुनाच ठेवला आणि पुढे आयएस १२९३ या मानकात तो रुजला. १९८६ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने साऱ्या जगासाठी एकच प्लग सुचवून पाहिला. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी त्यावर आधारित प्लग स्वीकारले. बाकीचे जग आपापल्या भिंती फोडायला तयार झाले नाही.

यातले ब्राझीलचे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या देशात काही भागांत १२७ व्होल्ट, तर काही भागांत २२० व्होल्ट दाबाची वीज मिळते. सॉकेटचा आकार मात्र दोन्हीकडे तोच. सॉकेटच्या आकारावरून विद्युतदाब ओळखता येतो, या कल्पनेला याहून ठळक प्रतिउदाहरण शोधावे लागणार नाही. जपानमध्ये दाब सर्वत्र १०० व्होल्ट. परंतु पूर्वेकडच्या टोकियोत वारंवारता ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडच्या ओसाकात ६० हर्ट्झ. प्लग तोच, देश तोच, वीज मात्र वेगळी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ‘हल्ली सगळी उपकरणे १०० ते २४० व्होल्टवर चालतात’ हे विधान मोबाइल, लॅपटॉप आणि कॅमेरा यांच्या चार्जरपुरते बहुतांशी खरे आहे. त्यांच्यातील स्विच-मोड परिपथ येणारी प्रत्यावर्ती वीज आधी एकदिश करतो आणि मग हवा तो दाब स्वतः घडवतो. ५० हर्ट्झ की ६० हर्ट्झ याने त्याला फरक पडत नाही. पण ज्या उपकरणात उष्णता निर्माण करणारी तार किंवा थेट विजेवर फिरणारी मोटर आहे, तिथे हे औदार्य नसते. पाण्याची किटली, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, राइस कुकर, मिक्सर हे सारे या दुसऱ्या वर्गातले.

आकडे पाहू. रोध कायम धरला तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे दहावीचे भौतिकशास्त्र आहे. भारतात २३० व्होल्टवर १५०० वॅट देणारी किटली अमेरिकेत १२० व्होल्टवर सुमारे ४०८ वॅट देईल आणि जपानमध्ये सुमारे २८४. चहाला चौपट-पाचपट वेळ लागेल, एवढेच नुकसान. उलट दिशेने मात्र खेळ जीवावर येतो. अमेरिकेत विकत घेतलेले १२० व्होल्ट, १५०० वॅटचे केस वाळवण्याचे यंत्र सुट्टीत घरी आणून २३० व्होल्टला जोडले, तर त्याची तार साडेपाच हजार वॅट ओढू पाहील. प्रवाह जवळपास २४ अँपिअर. आपल्या घरातले मोठे सॉकेट १६ अँपिअरचे असते. फ्यूज किंवा एमसीबीने वेळेवर काम केले तर अंधार, नाही केले तर आग. या संपूर्ण घटनाक्रमात अ‍ॅडॉप्टरने आपले काम चोख बजावलेले असते, कारण पिन व्यवस्थित बसलेली असते.

अ‍ॅडॉप्टरवर छापलेला अँपिअरचा आकडाही असाच फसवतो. ‘६ अँपिअर’ याचा अर्थ भारतात १३८० वॅट. अमेरिकेत तोच अ‍ॅडॉप्टर ७२० वॅटपर्यंतच पुरतो आणि जपानमध्ये ६०० वॅटपर्यंत. मर्यादा प्रवाहाची असते, शक्तीची नव्हे. दाब निम्मा झाला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट लागतो आणि सांध्यावरची उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे चौपट होते. दुकानदार हे सांगत नाही. वेष्टनावर हे क्वचितच वाचायला मिळते.

अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्याच्या सामानात आई मिक्सर भरते, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र. चटणी-वाटणाची ती सोय १२० व्होल्टवर धापा टाकते. मग कोणीतरी ‘कन्व्हर्टर’ सुचवतो. इथेही नावाने घात होतो. खरा ट्रान्सफॉर्मर लोखंड-तांब्याचा, वजनदार असतो. एखाद्या मोठ्या मिक्सरसाठी तो अनेक किलोंचा लागतो. याउलट अमेरिकेची उपकरणे इथे चालवण्यासाठी मिळणारा हलका, स्वस्त आणि हजार-दीड हजार वॅटचा दावा करणारा कन्व्हर्टर विजेची लहर केवळ कापून तिचा परिणामी दाब कमी भासवतो. लहरीचे शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास तसेच राहू शकते. तापणाऱ्या तारेला ते चालते. नाजूक इलेक्ट्रॉनिक परिपथ त्याने जळू शकतो. तेव्हा भारतातून मिक्सर नेणारच असाल, तर ११० व्होल्टचा मिक्सर मागून घ्यावा. तोही इथेच मिळतो.

तिसरा प्रश्न संरक्षणाचा. माझ्या मते सर्वांत मोठा गुन्हा इथे घडतो. आपल्या प्लगची वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब का असते? ती सॉकेटमध्ये सर्वांआधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. ही अर्थिंगची पिन. किटलीच्या आत जिवंत तार सुटून धातूच्या अंगाला टेकली, तर प्रवाह या वाटेने जमिनीकडे धावतो, फ्यूज उडतो आणि हात लावणारा वाचतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवला की ही वाट बंद होते. किटली पूर्वीसारखीच चालत राहते. अडचण हीच आहे. अर्थिंग नसल्याचे दिसून येते ते अपघात झाल्यावर.

तरीही एक खूण अनेकांनी बोटांनी अनुभवली असेल. धातूचे अंग असलेला लॅपटॉप दोन पिनांवर चार्ज होत असताना त्यावरून हलकेच बोट फिरवले, तर मुंग्या आल्यासारखे वाटते. चार्जरमध्ये विद्युत गोंगाट शमवण्यासाठी एक छोटा संधारित्र असतो. तो २.२ नॅनोफॅरडचा धरला, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर त्यातून सुमारे १६० मायक्रोअँपिअर गळती होते. सहसा ती निरुपद्रवी असते. तिसरी पिन असती तर ती जमिनीत गेली असती. नसल्यामुळे तुमच्यातून जाते. ही मुंगी म्हणजे तिसऱ्या पिनेच्या अनुपस्थितीचे मोजमाप आहे.

ब्रिटनचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिथल्या घरांत सॉकेटचा परिपथ वर्तुळाकार फिरवलेला असतो आणि त्यावर सहसा ३२ अँपिअरचे एकच संरक्षण असते. म्हणूनच प्रत्येक प्लगच्या पोटात ३ किंवा १३ अँपिअरचा वेगळा फ्यूज ठेवलेला असतो. तो उपकरणाची बारीक वायर जळण्यापासून वाचवतो. आपल्या प्लगमध्ये असा फ्यूज नसतो. फ्यूज नसलेल्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरमधून आपले उपकरण तिथे जोडले, की त्याच्या बारीक वायरीचा रखवालदार होतो ३२ अँपिअरचा ब्रेकर. आणि वायर मऊ पडेपर्यंत त्याला जाग येईलच असे नाही. त्या सॉकेटमध्ये लहान मुलांसाठी झडपा असतात. त्या लांब अर्थ-पिनेनेच उघडतात. दोन पिनांचा प्लग बसवण्यासाठी वरच्या छिद्रात पेन खुपसून झडप उघडण्याची युक्ती वसतिगृहांत एकमेकांना शिकवली जाते. सुरक्षेसाठी केलेली रचना हाणून पाडण्याला आपण ‘जुगाड’ म्हणून मिरवतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी त्यात भूषण मानू नये.

आणि हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. ‘कुठलाही प्लग बसेल’ अशी बहुछिद्री सॉकेटे आपली हॉटेले, विमानतळ आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांवर सर्रास दिसतात. युरोपच्या चपट्या दोन-पिनी प्लगची पिन ४ मिलिमीटरची, आपल्या लहान प्लगची सुमारे ५. दोन्हींना कवटाळू पाहणारा स्पर्शबिंदू दोन्हींना नीट पकडत नाही. सैल सांध्याचा रोध ०.१ ओहम धरा आणि १० अँपिअर प्रवाह वाहू द्या : त्या एका बिंदूवर १० वॅट उष्णता. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या दोन पंचमांश शक्ती प्लॅस्टिकच्या पोटात, काही चौरस मिलिमीटरांवर. तापल्यावर धातू गंजतो, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. काळवंडलेली सॉकेटे याच चक्राने तयार होतात.

यूएसबी-सीच्या समर्थकांना माझे सांगणे असे, की त्या मानकाचे खरे यश जोडणीच्या आकारात नाहीच. तिथे स्रोत आधी फक्त ५ व्होल्ट देतो. मग उपकरण आणि चार्जर यांच्यात संवाद होतो. चार्जर आपल्याकडे काय आहे ते सांगतो, उपकरण त्यातून हवे ते मागते, आणि सहमती झाल्यावरच ९, १५ किंवा २० व्होल्ट मिळतात. नव्या आवृत्तीत ४८ व्होल्ट, २४० वॅटपर्यंत. ३ अँपिअरहून अधिक प्रवाह न्यायचा तर केबललाही आतल्या चिपद्वारे आपली क्षमता सांगावी लागते. भिंतीतले सॉकेट यातले काहीच विचारत नाही. जे आहे ते क्षणात देऊन टाकते. तेव्हा तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी माणसाची उरते, आणि यूएसबी-सीचा चार्जरही शेवटी त्याच सॉकेटमध्ये बसतो.

‘हा ग्राहकाचा निष्काळजीपणा आहे, मानकाचा दोष नव्हे’ असे उत्तर येईल. ते मला मान्य नाही. प्रयोगशाळेत आयात केलेले उपकरण आले, की आपण त्याच्या पाठीवरचा ११५/२३० निवडक स्विच तपासतो, फ्यूज तपासतो, मगच बटण दाबतो. ही शिस्त आपल्यात जन्मजात नव्हती. ती शिकवली गेली आणि उपकरणावर ठसठशीत छापली गेली. सामान्य ग्राहकाला ना कोणी शिकवले, ना त्याच्या हाती दिलेल्या वस्तूवर ते नीट छापले. ब्रिटनमध्ये प्रवासी अ‍ॅडॉप्टरसाठी बीएस ८५४६ हे स्वतंत्र मानक आहे. म्हणजे ही अपेक्षा आकाशातली नाही.

माझ्या मागण्या तीन आहेत. प्रवासी अ‍ॅडॉप्टरच्या दर्शनी बाजूवर भारतीय भाषांत तीन गोष्टी छापणे सक्तीचे असावे : ‘हे उपकरण विद्युतदाब बदलत नाही’, अर्थिंग आहे की नाही, आणि २३०, १२० व १०० व्होल्टवर कमाल किती वॅट. दुसरे, माध्यमिक शाळेच्या विज्ञान-प्रात्यक्षिकात घरातल्या पाच उपकरणांची लेबले वाचून दाब, वारंवारता आणि प्रवाह यांची नोंद करण्याचा एक तास असावा. त्याला खर्च शून्य आहे. तिसरे, विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणाऱ्या संस्थांनी व्हिसा आणि विम्याच्या माहितीसोबत या विषयाचे एक पान द्यावे.

मानके बदलायला वर्षे लागतात. लेबल वाचायला अर्धा मिनिट पुरतो. तुमच्या बॅगेतल्या प्रत्येक चार्जरवर आणि उपकरणावर ‘इनपुट’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते आज पाहा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर केवळ योग्य आकाराचा, आणि प्लग तीन पिनांचा असल्यास अर्थिंगसह असलेला, अ‍ॅडॉप्टर पुरेसा आहे. एकच दाब लिहिला असेल आणि तो त्या देशाशी जुळत नसेल, तर ते उपकरण घरी ठेवा आणि तिकडे पोहोचल्यावर तिथलेच विकत घ्या. हे वाचून कोणी निघायच्या तयारीत असेल, तर त्याच्यापर्यंत एवढे जरूर पोहोचवा.